सेंट जॉन इन द वाइल्डरनेस चर्च, धरमशाला

सेंट जॉन इन द वाइल्डरनेस हे हिमाचल प्रदेश राज्याच्या कांगडा जिल्ह्यातील धरमशाला येथील एक प्रोटेस्टंट चर्च आहे. धरमशालेहून मॅक्लिऑडगंजकडे जाणाऱ्या मार्गावर, फोरसाइथगंज परिसरात, देवदार वृक्षांच्या दाट राईत ते उभे आहे. इ.स. १८५२ मध्ये बांधलेली ही वास्तू नवगॉथिक शैलीतील असून ती बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला समर्पित आहे. भारताचे दुसरे व्हाइसरॉय आठवे लॉर्ड एल्गिन यांची कबर चर्चच्या आवारात आहे. १९०५ च्या कांगडा भूकंपात परिसरातील बहुतेक इमारती भुईसपाट झाल्या. चर्चचा मनोरा त्या वेळी कोसळला, परंतु मुख्य इमारत टिकून राहिली.

नाव

बाप्तिस्मा करणारा योहान यहूदीयाच्या अरण्यात राहून उपदेश करीत असे, अशी बायबलमधील कथा आहे. ‘वाइल्डरनेस’ हा शब्द तेथून आलेला आहे. भोवतालच्या जंगलावरून चर्चला हे नाव पडले असा अनेक पर्यटकांचा समज होतो. तो अर्धाच खरा म्हणावा लागेल. नाव संताच्या कथेतले आहे. मात्र ते निवडताना स्थळाचे साम्य डोळ्यांसमोर असणार हे उघड आहे. नैनिताल येथेही १८४० च्या दशकात बांधलेले याच नावाचे एक चर्च आहे. दोन्ही चर्चेस हिमालयाच्या उतारांवर आहेत आणि नैसर्गिक आपत्तीचे स्मरण दोन्ही ठिकाणी जपलेले आहे. नैनितालच्या चर्चमध्ये १८८० च्या दरड दुर्घटनेतील, तर धरमशालेच्या चर्चमध्ये १९०५ च्या भूकंपातील मृतांचे स्मारक आहे. नावाच्या या साम्यामुळे काही लेखनात दोन्ही वास्तूंच्या माहितीची सरमिसळ झालेली आढळते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पहिल्या इंग्रज-शीख युद्धानंतर मार्च १८४६ मध्ये झालेल्या लाहोरच्या तहाने कांगड्याचा डोंगरी मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. किल्ल्याच्या बळावर शतकानुशतके टिकून राहिलेल्या कांगडा शहरात आरंभी इंग्रजांची शिबंदी होती. तेथे जागा अपुरी पडू लागल्याने १८४९ मध्ये धौलाधार पर्वतरांगेच्या उतारावर नवी लष्करी वसाहत उभारण्यात आली. या ठिकाणी वाटसरूंसाठी जुनी धर्मशाळा होती आणि तिच्यावरूनच गावाला धरमशाला हे नाव मिळाले. जिल्ह्याचे मुख्य ठाणे कांगड्याहून येथे हलविण्यात आले ते १८५५ मध्ये.

चर्चचा काळ ठरविताना हा क्रम लक्षात घ्यावा लागतो. १८५२ साली धरमशाला हे जिल्ह्याचे ठाणे नव्हते आणि थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याची कीर्तीही झालेली नव्हती. ती केवळ तीन वर्षांची लष्करी वसाहत होती. त्यामुळे चर्च उभे राहिले ते छावणीतील अधिकारी, शिपाई आणि त्यांच्या कुटुंबांसाठी. कचेऱ्या, बंगले, चहाचे मळे आणि बाजारपेठ यांची वाढ त्याच्याभोवती पुढे होत गेली. भारतातील पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर धावली ती १८५३ मध्ये, म्हणजे हे चर्च बांधून झाल्यानंतर. त्या काळी पंजाबच्या मैदानातून या डोंगरावर येणारे सर्व सामान बैलगाड्या, खेचरे आणि हमाल यांच्याच बळावर येत असे. स्थानिक दगड वापरून बांधलेली साधी इमारत हे या परिस्थितीचे स्वाभाविक फळ होते.

१८६० च्या दशकाच्या आरंभी गुरखा पलटणीचे ठाणे येथे आले आणि वसाहतीला स्थैर्य लाभले. मॅक्लिऑडगंज हे नाव पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर डोनाल्ड मॅक्लिऑड यांच्यावरून पडले, तर फोरसाइथगंजला एका विभागीय आयुक्तांचे नाव मिळाले. याच सुमारास मॅक्लिऑडगंजमध्ये एका पारशी कुटुंबाने उघडलेले नौरोजी यांचे दुकान पुढे शतकाहून अधिक काळ तेथील खूण बनून राहिले.

वास्तुरचना

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्ययुगीन गॉथिक शैलीचे पुनरुज्जीवन झाले. ग्रीक-रोमन धर्तीचे स्तंभ आणि त्रिकोणी दर्शनी भाग मागे पडून टोकदार कमानी, उंच अरुंद खिडक्या, उतरती छपरे आणि भिंतींना बाहेरून दिलेले दगडी टेकू हीच ‘खरी’ ख्रिस्ती वास्तुकला होय, असे मत तेव्हा रूढ झाले. हिंदुस्थानातही त्याचे प्रतिबिंब पडले. कलकत्ता आणि मद्रास येथील आधीच्या चर्चमध्ये प्राचीन ग्रीक-रोमन शैलीचा प्रभाव होता. १८४० नंतर उभी राहिलेली डोंगरी चर्चेस बहुधा गॉथिक वळणाची आहेत. धरमशालेचे चर्च त्यांपैकीच एक.

इमारत करड्या रंगाच्या दगडात बांधलेली आहे. भिंती जाड असून खिडक्यांच्या कमानी टोकदार आहेत. अंतर्भागात लाकडी बाके, वेदी आणि भिंतींवरील स्मृतिफलक एवढाच मोजका ऐवज आहे. मोठ्या कॅथीड्रलांमध्ये आढळणारी शिल्पांची गर्दी येथे नाही आणि तिची उणीवही भासत नाही. देवदारांमुळे बाहेरचा प्रकाश मुळातच मंद असतो. अरुंद खिडक्यांमुळे तो आणखी कमी होतो आणि त्यामुळे वेदीमागील रंगीत काचा अधिक उठून दिसतात.

आज पाहणाऱ्याला ही वास्तू लांबट आणि काहीशी बसकी वाटते. हे तिचे मूळ रूप नाही. पूर्वी तिला घंटेचा मनोरा होता आणि गॉथिक वास्तूत उंचीचा तोल अशा मनोऱ्यानेच साधला जातो. तो १९०५ मध्ये नाहीसा झाल्यामुळे इमारतीची प्रमाणबद्धता कायमची बदलली. चर्चच्या शैलीविषयी लिहिताना ही गोष्ट पुष्कळदा सुटून जाते आणि अपघाताने आलेला बसकेपणा मूळ रचनाकाराच्या साधेपणाच्या खाती जमा होतो.

रंगीत काचा

चर्चमधील बेल्जियन रंगीत काचांच्या खिडक्या हे तिचे सर्वाधिक प्रसिद्ध वैशिष्ट्य आहे. बाप्तिस्मा करणारा योहान आणि येशू यांच्या आकृती त्यांत आहेत. लेडी एल्गिन, म्हणजेच मेरी लुईझा लँब्टन, यांनी त्या भेट दिल्या. एल्गिन यांचे निधन १८६३ च्या अखेरीस झाले. त्यामुळे त्यांच्या स्मरणार्थ आलेल्या या काचा १८५२ च्या मूळ बांधकामाचा भाग असू शकत नाहीत. चर्च किमान दहा-अकरा वर्षे त्यांच्याविना वापरात होते.

अशा काचचित्रांत रंग बहुतांशी काचेच्या अंगातच असतो. वितळलेल्या काचेत धातूंची संयुगे मिसळून तो आणला जातो. कोबाल्टमुळे गडद निळा, तांब्यामुळे हिरवा किंवा लाल आणि सोन्याच्या अल्प अंशामुळे गुलाबी-लाल रंग मिळतो. चेहरे, बोटे आणि वस्त्रांच्या चुण्या गडद रंगाने रेखून भट्टीत पक्क्या केल्या जातात, तर पिवळी छटा चांदीच्या क्षारांचा लेप देऊन साधली जाते. नंतर हे तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांमध्ये बसवून जोडकाम करतात. शिसे मऊ असल्याने ते वारा आणि तापमानातील बदल सोसून किंचित वाकते. परंतु काही दशकांनी थकते आणि संपूर्ण तावदान बाहेरच्या बाजूला फुगू लागते. म्हणून जगभरच्या जुन्या काचचित्रांचे शिसे ठरावीक काळाने नव्याने भरावे लागते. भूकंपप्रवण आणि अतिवृष्टीच्या प्रदेशात तर या खिडक्यांचे टिकून राहणे हीच नवलाची बाब आहे.

लॉर्ड एल्गिन यांची कबर

जेम्स ब्रूस, आठवे अर्ल ऑफ एल्गिन (१८११-१८६३), हे ब्रिटिश साम्राज्यातील एक अनुभवी प्रशासक होते. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरील शिल्पे काढून इंग्लंडला नेणारे सातवे अर्ल हे त्यांचे वडील. जमैकाचे गव्हर्नरपद भूषविल्यानंतर १८४७ ते १८५४ या काळात ते कॅनडा प्रांताचे गव्हर्नर जनरल होते. लोकनियुक्त प्रतिनिधींना जबाबदार असलेली शासनपद्धती त्यांनी तेथे मान्य केली. १८४९ मध्ये एका वादग्रस्त विधेयकाला त्यांनी संमती दिली तेव्हा चिडलेल्या जमावाने माँट्रियल येथील संसदेची इमारत जाळली आणि त्यांच्या गाडीवर दगडफेक केली. बळाचा वापर करण्याचे त्यांनी तरीही टाळले.

त्यांचे चीनमधील कार्य याच्या अगदी उलट आहे. दुसऱ्या अफू युद्धाच्या काळात ब्रिटिश प्रतिनिधी म्हणून १८५७ मध्ये त्यांना पूर्वेकडे धाडण्यात आले. मार्गात असतानाच हिंदुस्थानातील उठावाची वार्ता आली आणि चीनसाठी निघालेले सैन्य कलकत्त्याकडे वळविण्यास त्यांनी संमती दिली. १८५८ मध्ये तिआनजिनचा तह झाला, पण युद्ध पुन्हा भडकले. ऑक्टोबर १८६० मध्ये, बोलणी करण्यासाठी गेलेल्या गटातील इंग्रज आणि फ्रेंच कैद्यांचा छळ होऊन त्यांपैकी अनेकांचा मृत्यू झाल्याचे उघडकीस आले. त्याचा सूड म्हणून एल्गिन यांनी बीजिंगजवळील युआनमिंगयुआन हा जुना ग्रीष्मप्रासाद जाळण्याचा हुकूम दिला. त्याआधीच त्याची लूट झालेली होती. शिक्षा प्रजेला नव्हे, बादशहाला व्हावी, असे त्यांचे समर्थन होते. चीनमध्ये मात्र ही घटना आजही राष्ट्रीय अपमानाचे प्रतीक मानली जाते आणि प्रासादाचे अवशेष त्या स्मृतीसाठी जपलेले आहेत. कॅनडातील संयमी गव्हर्नर आणि बीजिंगमधील विध्वंसाचा हुकूम देणारा सेनानायकांचा सहकारी ही एकाच व्यक्तीची दोन रूपे आहेत. धरमशालेच्या कबरीपाशी उभे राहणाऱ्याने यांपैकी एकच लक्षात ठेवणे अपुरे ठरेल.

मार्च १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंग यांच्याकडून त्यांनी व्हाइसरॉयपदाची सूत्रे घेतली. पुढील वर्षी शरद ऋतूत सिमल्याहून निघून डोंगराळ मार्गाने ते पंजाबकडे येत होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी रोहतांग खिंड ओलांडली. पलीकडे लाहौलमध्ये चंद्रा नदीवर झाडांच्या फांद्या विणून केलेला झुलता पूल होता. विरळ हवेत तो ओलांडताना झालेल्या श्रमांनी त्यांचा हृदयविकार बळावला. त्यांना कसेबसे धरमशालेला आणण्यात आले. आजार बरा होण्यातला नाही हे कळल्यावर त्यांनी स्वतःच्या दफनाविषयी इच्छा सांगितली आणि लेडी एल्गिन यांनी वर जाऊन दफनभूमीतील जागा पाहून ठेवली. २० नोव्हेंबर १८६३ रोजी त्यांचे निधन झाले व दुसऱ्याच दिवशी, कोणत्याही राजकीय थाटाविना, येथे त्यांचे दफन करण्यात आले. देवदारांनी वेढलेला हा परिसर त्यांना मायभूमी स्कॉटलंडची आठवण करून देत असे, असे सांगितले जाते.

कबरीवर लेडी एल्गिन यांनी उभारलेले दगडी स्मारक असून त्याचीही घडण गॉथिक वळणाची आहे. व्हाइसरॉयपदी राहिलेल्या व्यक्तींपैकी भारतातच दफन झालेले एल्गिन हे एकमेव होत. त्यांच्यानंतर सुमारे आठ वर्षांनी पोर्ट ब्लेअर येथे मारले गेलेले लॉर्ड मेयो यांचा देह आयर्लंडला नेण्यात आला. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस यांची गाझीपूर येथील समाधी प्रसिद्ध आहे, पण ती व्हाइसरॉय हे पद निर्माण होण्यापूर्वीची आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले ‘लॉर्ड एल्गिन’ हे बहुधा दुसरेच असतात. १८९४ ते १८९९ या काळातील व्हाइसरॉय व्हिक्टर ब्रूस, नववे अर्ल, हे धरमशालेत विसावलेल्या एल्गिन यांचे पुत्र. मुंबई-पुण्यातील प्लेग, १८९६-९७ चा दुष्काळ, रँडचा वध आणि लोकमान्य टिळकांवरील १८९७ चा राजद्रोहाचा खटला या घटना पुत्राच्या कारकिर्दीत घडल्या. वडील निवर्तले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते.

१९०५ चा भूकंप

४ एप्रिल १९०५ रोजी सकाळी सहाच्या सुमारास कांगडा खोऱ्याला ७.८ तीव्रतेच्या भूकंपाचा तडाखा बसला. सुमारे २०,००० माणसे आणि ५३,००० जनावरे मृत्युमुखी पडली. वेळ पहाटेची असल्याने बहुतेक लोक घरातच होते. कच्च्या विटांच्या किंवा मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती आणि त्यांवर पाटीच्या दगडाची जड छपरे, अशी तेथील घरांची ठेवण होती. भिंत सरकली की छपराचा सारा भार खाली झोपलेल्या माणसांवर येई. कांगड्याचा इतिहासप्रसिद्ध किल्ला आणि ब्रजेश्वरी देवीचे मंदिर उद्ध्वस्त झाले. डोंगरउतारावरील शेतीला पाणी पुरविणारे पाट, ज्यांना तेथे कूहल म्हणतात, तुटून गेले. चहाच्या मळ्यांची इतकी हानी झाली की अनेक युरोपीय मळेवाल्यांनी खोरे सोडले. भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स मिडलमिस यांनी या भूकंपाचा सविस्तर अहवाल लिहिला. भारतीय भूकंपशास्त्रात तो आजही आधारभूत मानला जातो.

धरमशालेत गुरखा पलटणींच्या बराकी कोसळून अनेक शिपाई दगावले. मॅक्लिऑडगंज आणि फोरसाइथगंजमधील बंगले, दुकाने, कचेऱ्या जमीनदोस्त झाल्या. त्यांच्यामध्ये चर्चची मुख्य इमारत उभी राहिली. श्रद्धावंतांनी याला चमत्कार मानले असल्यास नवल नाही, पण त्याचे स्पष्टीकरण बांधकामातही सापडते. भूकंपात इमारतीचे वस्तुमान आणि उंची या दोन गोष्टी घातक ठरतात. मनोरा उंच, अरुंद आणि जड असतो. पायाशी बसलेला हादरा माथ्याकडे जाताना वाढत जातो आणि दगडी बांधकामाला ताण सोसण्याची शक्ती फारच थोडी असते. याउलट चर्चचा मुख्य भाग एकमजली, जाड भिंतींचा आहे. त्यामुळे एकाच पायावर, एकाच दगडात बांधलेल्या दोन भागांची गत वेगळी झाली.

भूकंपानंतर प्रशासनाने जिल्ह्याच्या कचेऱ्या डोंगराच्या खालच्या भागात हलविल्या. वरच्या वस्तीचे महत्त्व ओसरले आणि भोवतालचा गजबजाट संपून चर्च खऱ्या अर्थाने अरण्यात उरले. मनोरा पुन्हा बांधण्यात आला नाही.

घंटा

मनोऱ्याबरोबर घंटेचे स्थानही गेले. नवी घंटा लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील मिअर्स अँड स्टेनबँक या कारखान्यात १९१५ मध्ये, म्हणजे पहिले महायुद्ध सुरू असताना, ओतण्यात आली. लंडनच्या संसद भवनाची ‘बिग बेन’ ही घंटा याच ओतशाळेने घडविली होती. धरमशालेला आल्यावर घंटा आवारात जमिनीलगतच बसविण्यात आली आणि आजही ती तेथेच आहे. एरवी मान वर करून पाहावी लागणारी वस्तू येथे हाताच्या अंतरावर असल्याने तिच्यावरील अक्षरे सहज वाचता येतात.

दफनभूमी

चर्चच्या आवारात जुनी दफनभूमी आहे. भूकंपातील मृतांचे स्मारक आणि विविध लढायांत कामी आलेल्या अधिकाऱ्यांची स्मारके तेथे आहेत. एकोणिसाव्या शतकातील वसाहतींच्या दफनभूमीत तान्ह्या मुलांच्या आणि तरुण स्त्रियांच्या कबरी मोठ्या संख्येने असत. ताप, पटकी आणि बाळंतपण यांनी घेतलेले ते बळी होत. भूकंपाच्या इतिहासात खोऱ्यातील हजारो मृत केवळ एका आकड्यात सामावलेले आहेत. नाव कोरलेला दगड मिळण्याचे भाग्य त्यांतील फारच थोड्यांना लाभले आणि ते थोडे बहुतांशी युरोपीय होते. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने येथील शिलालेख वाचताना ही मर्यादा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

सद्यःस्थिती

अँग्लिकन पंथाचे हे चर्च आता चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त मंडळीच्या अखत्यारीत आहे. सहा प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन या मंडळीची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे झाली. धरमशालेचे चर्च तिच्या अमृतसर धर्मप्रांतात मोडते. १९६० मध्ये चौदावे दलाई लामा धरमशालेत आले, तेव्हापासून मॅक्लिऑडगंज हे तिबेटी निर्वासितांचे केंद्र बनले. ओसाड पडलेल्या वरच्या वस्तीला त्यामुळे पुन्हा जाग आली आणि बौद्ध विहारांच्या वाटेवरील हे चर्चही पर्यटकांच्या नकाशावर आले. लॉर्ड एल्गिन यांची कबर राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत समाविष्ट आहे.

धरमशाला हे हिमाचल प्रदेशातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक असून तेथे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सततच्या ओलाव्याने सांध्यांतील गारा झिजतो, दगडांवर शेवाळ चढते आणि कबरींवरील उथळ कोरलेली अक्षरे प्रथम पुसट होतात. अशा जुन्या भिंतींच्या डागडुजीत सिमेंटचा वापर केल्यास ओल आतच कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. त्यामुळे चुन्याचा गाराच योग्य समजला जातो. कांगडा जिल्हा आजही देशातील सर्वाधिक भूकंपप्रवण क्षेत्रात गणला जातो. देवदारांची मुळे, पर्यटकांची वर्दळ आणि उताराची माती यांचाही विचार येथील जतनकार्यात करावा लागतो.